रोजचा बाजार, रोजची पारख

कोलकात्याला बदली होऊन गेलेल्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट हमखास चक्रावून टाकते. शेजारच्या बंगाली घरात फ्रिज आहे, फोनवर मागवली तर मासळी दारात येते, तरीही घरातले कुणीतरी रोज सकाळी थैली घेऊन बाजाराला निघते. परत येताना थैलीत एखादा मासा, पडवळ-परवळ, एक पालेभाजी, थोडी मिरची, फार तर दोन लिंबे. एवढ्याला तास सहज लागलेला असतो, आणि त्यातला बराचसा बोलण्यात गेलेला असतो. बंगालीत ‘बाजार’ म्हणजे जागाही आणि तिथून आणलेला जिन्नसही. ‘बाजार कोरा’ हे घरातले एक नेमून दिलेले काम असते, पूजेसारखे किंवा मुलांच्या अभ्यासासारखे. मग एक मासा घ्यायला इतके बोलावे का लागते?

याची तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. बंगाली माणूस माशांचा वेडा आहे, त्याला गप्पांचा (तिकडच्या शब्दांत ‘अड्ड्या’चा) शौक आहे, आणि घासाघीस केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत. माशाचे वेड घरपोच मासळीनेही भागते. अड्ड्याला चहाची टपरी आहे. आणि घासाघिशीतून सुटणारे पाच-दहा रुपये मिळवायला कुणी रोज तासभर खर्च करत नाही. माझे म्हणणे असे की कोलकात्याच्या बाजारातले बोलणे आणि तिथल्या रीती ही एक काम करणारी यंत्रणा आहे. ती एका जुन्या अडचणीवर उभी आहे: मालाबद्दल विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते.

विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीवर एक छोटा निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचा युक्तिवाद साधा आहे. गाडीत खोट काय आहे ते मालकाला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नाही. म्हणून गिऱ्हाईक मधलीच काहीतरी किंमत देऊ करते. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो गाडी विकायला काढतच नाही. बाजारात सुमार गाड्या उरतात, हे लक्षात आल्यावर गिऱ्हाईक आणखी कमी देऊ करते, आणि असे होत होत बाजारच मोडतो. अकरलॉफने या निबंधात भारताच्या ग्रामीण भागातल्या सावकारीचेही उदाहरण घेतले आहे. मासळीचा बाजार याच कड्यावर उभा आहे, किंबहुना जुन्या मोटारींपेक्षा अधिक, कारण मोटार आठवडाभर तशीच राहते आणि मासा दुपारपर्यंतही राहत नाही. तरी माणिकतला, गडियाहाट, लेक मार्केट, भवानीपूरचा जदुबाबूंचा बाजार हे सगळे रोज सकाळी गजबजलेले असतात. तेव्हा ही अडचण तिथे कुठल्यातरी मार्गाने सुटत असली पाहिजे.

तिचा थोडा भाग शरीरशास्त्राने सुटतो. गिऱ्हाईक माशाचे झाकण उचलून कल्ले बघते. बंगालीत त्याला ‘कानको’ म्हणतात. कल्ल्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्यात लोह असते, आणि मासा मेल्यावर त्या लोहाचे ऑक्सिडीकरण होत जाते तसा लाल रंग तपकिरीकडे झुकतो. मग डोळे. ताज्या माशाचा डोळा पारदर्शक आणि फुगीर असतो. आतला द्रव कमी झाला की तो खोल जातो, गढुळतो. शेवटी अंगठा दाबून मांस पाहायचे. मेल्यावर काही तास मासा ताठर असतो, नंतर त्याच्याच शरीरातली पाचकद्रव्ये आणि जिवाणू मिळून मांस सैल करतात. मग अंगठ्याचा खळगा भरून येत नाही. सवयीचे गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी क्षणात पाहून घेते.

यापेक्षा भक्कम खात्री हवी असेल तर मासा जिवंतच घ्यायचा. कोई, मागुर आणि शिंगी हे मासे बाजारात थोड्याशा पाण्यात वळवळत ठेवलेले दिसतात, कारण त्यांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय निसर्गाने दिली आहे. रुई (म्हणजे रोहू) किंवा कातला इतक्या कमी पाण्यात टिकणार नाही. या चिवट माशांना ‘जिओल माछ’ म्हणतात, आणि आजारातून उठलेल्या माणसासाठी त्यांचाच पातळ झोल करण्याची पद्धत आहे. रोग्याच्या ताटात ताजेपणाबद्दल शंकेला जागा नको, म्हणून जो मासा स्वतःच आपला पुरावा देतो तो निवडला जातो.

पण डोळ्यांना आणि अंगठ्याला सगळे कळत नाही. बर्फात घालून आंध्र प्रदेशातून आलेला रुई, ज्याला बाजारात ‘चालानी’ म्हणतात, दिसायला नीट असू शकतो. जवळच्या तळ्यातल्या ‘देशी’ रुईची चव त्याला नाही हे पानात वाढल्यावर कळते. इलिशच्या, म्हणजे हिलसाच्या, बाबतीत तर हा प्रश्न कळसाला पोचतो. बांगलादेशातल्या पद्मा नदीचा इलिश, कोलाघाटचा, डायमंड हार्बरचा, म्यानमारहून बर्फातून आलेला, थेट गुजरातेतून, भडोचच्या नर्मदेतून आलेला, असे सगळे एकाच फळीवर चकाकत असतात. बांगलादेशाने २०१२ मध्ये इलिशची निर्यात बंद केली आणि २०१९ पासून दुर्गापूजेच्या सुमारास मर्यादित परवानगी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ‘पद्मेचा’ या एका शब्दाला मोठा भाव आला. तो शब्द खरा की खोटा हे कल्ले उघडून कळत नाही. इथून पुढे माशाची पारख संपते आणि माणसाची सुरू होते.

भाव विचारणे म्हणजे टिचकी मारणे

बाजारातले संभाषण नीट ऐकले तर त्याचा एक क्रम दिसतो. आधी “दादा, इलिश कतो कोरे?”, म्हणजे काय भाव. उत्तर येते आणि गिऱ्हाईक त्यावर काहीच बोलत नाही. मग “कोथाकार?”, कुठला. “बरफेर?”, बर्फातला का. “डिम आछे?”, गाबोळी आहे का, कारण अंडी भरली की मांसातले तेल आणि चव उतरते, तेव्हा गाबोळीचा शौकीन आणि मांसाचा शौकीन वेगवेगळे मासे उचलतात. एवढे झाल्यावर मग “एकटु कम कोरुन”, जरा कमी करा. भावाची ओढाताण सगळ्यांत शेवटी येते, आणि तीही बरेचदा किरकोळ असते. घासाघीस हाच हेतू असता तर हा क्रम उलटा असायला हवा होता.

कुंभाराकडे मडके घेताना आपण त्याला टिचकी मारून आवाज ऐकतो, कारण चीर डोळ्यांना दिसत नाही. “कमी करा” ही तशीच टिचकी आहे. विक्रेता क्षणाचाही विलंब न लावता भाव पाडतो, तर समजावे की माल आजच खपवायचा आहे. तो शांतपणे नाही म्हणतो आणि दुसऱ्याचे वजन करू लागतो, तर माल चांगला असण्याची शक्यता वाढते. तो नाही म्हणून शेजारच्या लहान माशाकडे बोट दाखवतो, तर त्याने तुमचा खिसा ओळखला आहे आणि गिऱ्हाईक हातचे घालवायचे नाही असे ठरवले आहे. तोच भाव, तेच शब्द, पण सकाळी सातला मिळणारे उत्तर आणि अकराला मिळणारे उत्तर यांचा अर्थ निराळा. अकराला फळीवर मासे उरले असतील तर तो भाव आपणच खाली आणतो.

क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये हेच तत्त्व मांडले होते. अशा बाजारात पैशाइतकीच माहितीची टंचाई असते, म्हणून तिथला शहाणा गिऱ्हाईक दहा दुकानांत भाव विचारत फिरण्यापेक्षा एकाच दुकानात खोलवर चौकशी करतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच विक्रेत्याकडे जातो. सेफ्रू आणि गडियाहाट यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले तरी गीर्ट्झचे हे निरीक्षण कोलकात्याला तंतोतंत लागू पडते. बंगाली घरांत ‘आमचा मासेवाला’ असतो, जसा आपल्याकडे घरचा डॉक्टर असे.

सौदा ठरला तरी बोलणे संपत नाही, कारण अख्ख्या माशाचा दर आणि कापलेल्या माशाचा दर यांत फरक असतो. अख्ख्यात डोके, खवले, आतडी सगळे तोलले जाते म्हणून तो किलोला स्वस्त. मग विक्रेता पायाखाली धरलेल्या उभ्या ‘बोंटी’वर मासा सरकवतो, आपल्या विळीच्या जातीचेच हे हत्यार, पण माशासाठी वेगळे ठेवलेले. पेटी म्हणजे पोटाकडचा तेलकट भाग, गादा म्हणजे पाठीकडचा काटेरी, ल्याजा म्हणजे शेपूट. “मुडो नेबेन?”, डोके घेणार का, हा प्रश्न औपचारिक नाही: डोके मुगाच्या डाळीत घातले जाते आणि त्यावर आज घरात काय शिजणार हे ठरते. झोलाला तुकडे मोठे, तळायला पातळ. रोजच्या गिऱ्हाइकाला हे काही सांगावे लागत नाही. त्याच्या घरात किती माणसे, कोण काटे काढून खाऊ शकत नाही, हे विक्रेत्याला माहीत असते. म्हणजे माहिती उलट्या दिशेनेही वाहत असते.

चौकट: कानावर पडणारे शब्द
टाटका म्हणजे ताजा, ज्यान्तो म्हणजे जिवंत, पचा म्हणजे सडका. पालेभाजीची जुडी ती ‘आँटी’. लहान माशांचा किंवा भाजीचा ढीग लावून विकतात तो ‘भागा’, म्हणजे आपला वाटा. सुटे पैसे ते ‘खुचरो’. दीडला ‘देड’, अडीचला ‘आडाई’ आणि साडेला ‘साडे’ म्हणतात, त्यामुळे मराठी कानाला वजने लवकर उमगतात. अडीचशे ग्रॅमला जुन्या सवयीने ‘एक पोआ’ म्हणणारेही आहेत. भाज्यांत ‘मोचा’ म्हणजे केळफूल, ‘थोड’ म्हणजे केळीचा गाभा, ‘एंचोड’ म्हणजे कोवळा फणस. एक सावधगिरी: बंगालीत ‘काकू’ म्हणजे काका. मध्यमवयीन पुरुष विक्रेत्याला ती हाक खुशाल मारावी, बाईला मात्र नाही. तिच्यासाठी ‘मासी’ किंवा ‘दीदी’.

नाते लावून हाक मारण्याचे काम

कोलकात्याच्या बाजारात कुणी कुणाला साहेब म्हणत नाही. दादा, दीदी, काकू, मासी, बौदी, भाई अशा हाका दोन्ही बाजूंनी चालतात. ढाक्यात याच जागी ‘मामा’, ‘भाई’, ‘आपा’, ‘खाला’ येतात. हा निव्वळ गोडवा नाही. गीर्ट्झचे ‘एकाच विक्रेत्याकडे परत परत जाणे’ घडायचे तर दोघांनाही उद्याची खात्री हवी, आणि नात्याची हाक ही उद्याची भाषा आहे. “भालो होबे तो?”, चांगला निघेल ना, असे गिऱ्हाईक विचारते, विक्रेता म्हणतो, “खेये बोलबेन”, खाऊन सांगा. या दोन शब्दांत त्याने हमीपत्र लिहून दिले. उद्या तो इथेच बसलेला असणार, तुम्ही इथूनच जाणार, आणि मासा वाईट निघाला तर चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवणार, हे त्याला मान्य आहे असा त्याचा अर्थ. आठवडी हाटात, जिथे विक्रेता लांबून येतो आणि पुढल्या खेपेला दुसऱ्याच जागी बसतो, तिथे या शब्दांना इतके वजन येत नाही. कोलकाता शहराच्या मुळाशी सुतानुटीचा हाट होता, सुताचा. पण शहराला आकार दिला तो रोजच्या बाजारांनी, आणि बागबाजार, श्यामबाजार, बहूबाजार ही मोहल्ल्यांची नावे त्याची साक्ष देतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नात्याची हाक मारली म्हणून नाते होत नाही. बंगालीत मराठीसारखेच आदराचे आणि जवळिकीचे वेगळे सर्वनाम आहे: ‘आपनी’ आणि ‘तुमी’. भद्र घरातला गिऱ्हाईक भाजीवाल्याला बिनदिक्कत ‘तुमी’ म्हणतो आणि भाजीवाला त्याला ‘आपनी’च म्हणतो, कित्येकदा ‘बाबू’ही म्हणतो. म्हणजे दादा-भाईच्या पडद्याआड वर्गाची आणि जातीची उतरंड शाबूत आहे. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या उतरंडीतही नात्याच्या हाकेने विक्रेत्याच्या हाती एक हक्क येतो. तो रोजच्या गिऱ्हाइकाला “आज ओटा नेबेन ना” असे सांगू शकतो, म्हणजे आज तो मासा घेऊ नका. स्वतःच्या फळीवरच्या मालाबद्दल विक्रेत्याने असे सांगणे हे त्या संबंधाचे सर्वांत मोठे देणे आहे. आजची विक्री गेली, पण त्याच्या ‘चांगला आहे’ या शब्दाची किंमत वर्षभरासाठी वाढली.

बउनी, फाउ आणि खाते

दिवसाच्या पहिल्या विक्रीला बंगालीत ‘बउनी’ म्हणतात. आपली भवानी किंवा बोहनी तीच. पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतू नये यासाठी विक्रेता थोडे कमी घ्यायला तयार होतो आणि आलेले पैसे कपाळाला लावतो. यात श्रद्धा आहेच, शिवाय एक व्यवहारही आहे. शियालदहजवळच्या कोले मार्केटमधून किंवा हावडा आणि पातिपुकुरच्या घाऊक मासळी बाजारातून पहाटे उचललेला माल बहुधा आडतदाराच्या उधारीवर असतो. त्या दिवशी फुटकळ बाजाराचा भाव किती टिकेल हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. बउनी त्याला पहिला अंदाज देते आणि हातात सुटे पैसे देते. ‘फाउ’ म्हणजे वरचे फुकट: मूठभर मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या. भाव पाच रुपयांनी उतरवला तर तो भाव सगळ्यांनी ऐकला. मिरच्या थैलीत टाकल्या तर भाव जागेवर राहिला आणि गिऱ्हाइकाचा मानही. म्हणूनच रोजच्या माणसाला सूट सहसा फाउच्या रूपाने मिळते.

सुट्या पैशांची चणचण हीसुद्धा या यंत्रणेतली एक कळ होती. “खुचरो नेई, पोरे देबेन”, सुटे नाहीत, नंतर द्या, असे म्हणत सात रुपये, बारा रुपये अशी बारीक उधारी दोघांच्या डोक्यात रोज मागेपुढे होत असे, आणि त्या उधारीनेच उद्याचे येणे बांधले जाई. २०१६ पासून यूपीआय आले आणि फळीच्या कडेला चौकोनी कोड चिकटले. हिशेब चोख झाला, ही लहान उधारी मात्र आटली.

मोठी उधारी किराणा दुकानांत, सोनाराकडे, कापडवाल्यांकडे चाले आणि तिचा सण म्हणजे हालखाता. पोइला बोइशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाला, १४ किंवा १५ एप्रिलला, दुकानदार लाल कापडाच्या बांधणीची नवी वही आणतो, तिच्यावर शेंदराने स्वस्तिक काढतो, गणेश-लक्ष्मीची पूजा करतो. अनेकजण वही कालीघाटला किंवा दक्षिणेश्वरला देवीपुढे ठेवून आणतात. आपल्या दिवाळीच्या वहीपूजनाशी याचे साम्य उघड आहे. फरक इतका की हालखात्याला गिऱ्हाइकाला आमंत्रण असते: येऊन मागची बाकी फेडायची, मिठाईचा डबा आणि बंगाली दिनदर्शिका घेऊन जायचे. तगादा लावून वसूल केलेली बाकी संबंध तोडते; सणाला बोलावून घेतलेली बाकी तो पुढच्या वर्षावर नेते. बंगाली घरात तांदूळ संपला असे म्हणत नाहीत, ‘चाल बाडन्तो’, तांदूळ वाढता आहे, म्हणतात. आपण दुकान बंद करताना ते वाढवतो त्याच भावनेने. अभावाचा उच्चार टाळणाऱ्या घरांना बाकी फेडण्यासाठी मिठाईचे निमंत्रण यावे हे सुसंगतच आहे.

घासाघीस कुठे चूक, आणि ॲप कुठे पुरे

गरिबाशी घासाघीस करणे हा अन्याय नाही का, असे विचारले जाते. वरचा युक्तिवाद मान्य केला तर याचे उत्तर त्यातूनच निघते. कॅनिंगच्या किंवा लक्ष्मीकांतपूरच्या बाजूने पहाटेच्या लोकलने येऊन पदपथावर कलमी, पुई, लाल माठाच्या जुड्या मांडणाऱ्या मासीकडे लपवण्यासारखे काही नसते. जुडी ताजी की सुकलेली हे दिसते. टिचकी मारायला मडकेच नाही, तेव्हा तिच्याकडे दोन रुपयांसाठी ताणणे ही नुसती पिळवणूक आहे, आणि कोलकात्यातले बरेच जाणते गिऱ्हाईक तिच्याशी भाव करत नाहीत ते बरोबरच करतात. काली पूजेच्या आदल्या दिवशी, भूत चतुर्दशीला, चौदा प्रकारच्या पाल्यांची जी तयार मोळी विकली जाते ती बहुतेक जण न बोलता उचलतात.

दुसरा आक्षेप असा की पाटीवर लिहिलेला भाव सगळ्यांना सारखा, म्हणून सुपरमार्केट आणि ॲप अधिक न्याय्य. नवख्याच्या दृष्टीने हे खरे आहे; बाजार ओळखीच्याला झुकते माप देतो आणि परका त्याची किंमत मोजतो. पण घरपोच मासळी विकणाऱ्यांना काय काय करावे लागले ते पाहावे. कापण्याआधीचे आणि कापल्यानंतरचे अशी दोन वजने त्यांना छापावी लागली, माल खराब निघाला तर पैसे परत द्यावे लागले, गिऱ्हाइकांकडून तारे गोळा करून दाखवावे लागले. ही सगळी ‘खेये बोलबेन’ची लिखित रूपे आहेत. अडचण तीच होती, म्हणून इलाजही तेच शोधावे लागले. रोजच्या रुई-कातल्याला ते पुरेसे पडतातही, आणि ज्या घरात दोघेही सकाळी आठला कामावर निघतात त्या घराने ॲपवरून मासा घेतला तर त्यात काही उणे नाही.

हे इलाज अपुरे पडतात टंचाईच्या दिवशी. जावयाला जेवू घालायच्या जामाईषष्ठीला सगळ्या सासवांना एकाच सकाळी मोठा मासा हवा असतो. सरस्वती पूजेला पूर्व बंगालकडच्या घरांत जोड इलिश लागतो. भाव कडाडतात, ॲपवर माल संपल्याची सूचना येते, आणि बाजारात विक्रेता फळीखालून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मासा काढून म्हणतो, “आपनार जोन्ने रेखेछि”, तुमच्यासाठी ठेवलाय. त्याने तो दुप्पट भावाने दुसऱ्याला विकला असता. न विकण्याचे कारण वर्षभराच्या सकाळींत आहे. म्हणून कोलकात्यात नव्याने राहायला गेलेल्याने पहिल्या आठवड्यात स्वस्त मासा शोधत दहा फळ्यांवर हिंडू नये. एक विक्रेता निवडावा, थोडे थोडे पण रोज घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी कालचा मासा कसा होता ते त्याला खरेखरे सांगावे. चांगला होता तेव्हाही.